पान क्रमांक कुठाय? बडोद्यातल्या नव्या एम.ए.वाल्यांसाठी निबंध आणि संदर्भांची वाट

माझा एम.ए.चा पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. समासात लाल पेनाने अकरा ठिकाणी एकच शब्द होता: "पान?" मी सरांना भेटायला गेले.

"हे वाक्य कुठून घेतलंस?"

"पुस्तकातून, सर."

"ते मलाही कळलं. कुठल्या?"

मला आठवेना. वाचलं मात्र खरंच होतं. शेवटच्या पानावर "संदर्भग्रंथ" असं ठळक लिहून खाली सात पुस्तकांची नावंही दिली होती. त्यांतल्या कुणाला वर्ष नव्हतं, कुणाला प्रकाशक नव्हता, आणि निबंधातलं कुठलं वाक्य त्या सातांपैकी कुठून आलं याचा पत्ता खुद्द मलाच नव्हता.

दरवर्षी जून-जुलैत घरी कुणाची तरी भाची, कुणाचा तरी पुतण्या हाच प्रश्न घेऊन येतो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते आहे. आपली बडोदेकरांची अडचण पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा थोडी निराळी आहे. घरी मराठी, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची, आणि बडोद्यावर काही लिहायचं म्हटलं की साधनं तिन्ही भाषांत विखुरलेली. जुन्या दफ्तरात शिरलात तर मोडीसुद्धा. तेव्हा पुण्यात छापलेल्या संशोधन-पद्धतीच्या पुस्तकांत न सापडणारे काही खड्डे इथे आहेत. ते मी येतील तिथे दाखवते.

आधी हे जवळ ठेवा

- विभागाने दिलेली सूचना: शब्दमर्यादा आणि कुठली संदर्भशैली, हे दोन्ही लेखी. तोंडी सांगितलं असेल तर वहीत लिहून मॅडमना दाखवून घ्या.
- ग्रंथालयाचं कार्ड. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय तर हवंच, पण बडोद्यावर लिहिणार असाल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आणि संस्कृताशी संबंध असेल तर प्राच्यविद्या मंदिर.
- जाड कागदाच्या पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या, नाहीतर झोटेरो. झोटेरो हे संदर्भ साठवायचं मोफत सॉफ्टवेअर आहे.
- युनिकोड मराठी टंकलेखन. जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याचं कडबोळं होतं.
- फोनचा कॅमेरा. का, ते तिसऱ्या पायरीत.

१. विषय घेऊ नका, प्रश्न घ्या

"बडोदे संस्थानातील शिक्षण" हा विषय झाला. त्यावर तीनशे पानं लिहिली तरी तो संपत नाही आणि तीन पानं लिहिली तरी काही बिघडत नाही. म्हणजेच त्यावर निबंध होत नाही. माझी चूक इथूनच सुरू झाली होती. मी सयाजीराव महाराजांच्या जन्मापासून, कवळाण्यापासून, सुरुवात केली आणि सक्तीच्या शिक्षणापर्यंत पोचता पोचता नववं पान आलं.

सरांनी मला दोन तारखा कागदावर लिहून दिल्या. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेली भागात सुरू झाला १८९३ मध्ये. तो सगळ्या संस्थानाला लागू झाला १९०६ मध्ये. "मधल्या तेरा वर्षांचं काय?" एवढंच ते म्हणाले. हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर शोधावं लागतं, पुरावा लागतो, आणि उत्तर सापडलं की निबंध आपोआप थांबतो.

तुमच्या विषयातही अशी एखादी फट असते: दोन तारखांमधली, दोन लेखकांच्या म्हणण्यातली, नाहीतर नियम आणि प्रत्यक्ष यांच्यामधली. ती सापडेपर्यंत लिहायला बसू नका.

२. दावा पहिल्या पानावर

शाळेत आपण "मी पंतप्रधान झालो तर" आणि "पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त" लिहून मोठे झालो. तिथे सुरुवात सुभाषिताने, मध्ये वर्णन आणि खरी गोष्ट शेवटच्या परिच्छेदात, असा शिरस्ता. तो इथे उलटा करायचा. तुम्हाला काय म्हणायचं आहे ते पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदात सरळ एका-दोन वाक्यांत लिहा. वाचणाऱ्याला उत्सुकतेत ठेवायचं नाही. ही काही रहस्यकथा नव्हे.

माझ्या दुसऱ्या खर्ड्यातला दावा असा होता: "बडोद्याने सक्ती एकदम लादली नाही, ती आधी एका भागात करून पाहिली, मग राज्यभर नेली. आणि १९१० नंतरची ग्रंथालयं ही वेगळी हौस नव्हती, वाचायला शिकलेल्यांच्या हातात पुस्तक देण्याची ती पुढची पायरी होती." यातलं पहिलं वाक्य तारखांनी सिद्ध होतं. दुसऱ्यावर वाद होऊ शकतो. वाद होऊ शकेल असं एक तरी वाक्य दाव्यात हवंच. कुणीच "नाही" म्हणणार नसेल तर ते सिद्ध कशाला करायचं?

सुभाषिताची खोड फार चिवट असते, म्हणून एक सांगते. शिक्षणावरच्या दर दुसऱ्या निबंधात ते वाघिणीच्या दुधाचं वाक्य बाबासाहेबांच्या नावावर असतंच. कुठलं भाषण, कुठला खंड, कुठलं पान, हे मी वाचलेल्या निबंधांत एकदाही पाहिलेलं नाही. स्थळ देता येत नसेल तर वाक्य काढून टाका, कितीही गोड असलं तरी. बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, हे पुराव्यानिशी लिहिता येतं. बडोद्याच्या निबंधात त्याचा उपयोगही जास्त आहे.

३. संदर्भ वाचताना तयार होतो, लिहिताना नाही

ही पायरी नीट केलीत तर पुढचं सगळं निम्म्यावर येतं. नाही केलीत तर माझ्यासारखं होतं.

मी एका जुन्या अहवालाची चाळीस पानं झेरॉक्स करून आणली होती. फक्त कामाची पानं. शीर्षकपानाचे पैसे कशाला घालवायचे! दोन महिन्यांनी सूची करायला बसले तर हातात चाळीस कागद. त्यांवर वर्ष नाही, खंड नाही, झेरॉक्सवाल्याने कडा कापल्यामुळे निम्म्यांवर पान क्रमांकसुद्धा नाही. तो अहवाल पुन्हा शोधायला तीन दुपारी गेल्या, कारण त्याच नावाचे दरवर्षीचे अहवाल एकसारख्या बांधणीत ओळीने उभे होते.

तेव्हापासूनचा माझा नियम: पुस्तक हातात आलं की आधी दोन फोटो. एक आतल्या शीर्षकपानाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, जिथे आवृत्ती, वर्ष आणि मुद्रक असतो. मग आत शिरायचं. वरचं रंगीत मुखपृष्ठ विश्वासाचं नसतं. नावात फरक असेल तर आतलं शीर्षकपान खरं धरतात.

प्रत्येक चिठ्ठीवर चारच गोष्टी: कोणाचं, कुठलं पुस्तक, कुठलं पान, आणि खाली मजकूर. मजकूर तीन प्रकारचा असतो आणि तो वेगळा दिसला पाहिजे. जसाच्या तसा उतरवला असेल तर अवतरणचिन्हात, अगदी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घासकट. आपल्या शब्दांत घेतला असेल तर अवतरणाशिवाय, पण पान क्रमांक लिहायचाच. तुम्हाला वाचताना काही सुचलं असेल तर वेगळ्या शाईने. मी हिरवी वापरते. दोन महिन्यांनी कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं लेखकाचं हे आठवत नाही, आणि वाङ्मयचौर्याची निम्मी प्रकरणं चोरीची नसून या विसरण्याची असतात असं माझं मत आहे.

इंटरनेटवरच्या स्कॅनमधून वाचत असाल तर एक खड्डा ठरलेला आहे. पीडीएफच्या पट्टीत पान ६२ दिसतं आणि छापील पानावर ४८ असतं, कारण मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका सगळं स्कॅनमध्ये मोजलेलं असतं. आपल्याला छापील क्रमांक द्यायचा असतो.

४. परिच्छेद: एक मुद्दा, एक पुरावा, आणि तुम्ही

सांगाडा म्हणून प्रस्तावना, मध्य, समारोप हे तर सगळेच सांगतात. त्याने फार काही होत नाही. मला उपयोगी पडलं ते हे: प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं वेगळ्या कागदावर उतरवा आणि ती वाक्यं सलग वाचा. त्यांतून तुमचं म्हणणं पुढे सरकताना दिसलं तर रचना बरोबर आहे. दोन वाक्यं एकच सांगत असतील तर परिच्छेद जोडा. एखादं वाक्य कुठेही बसवलं तरी चालत असेल तर तो परिच्छेद नकोच. माझा बडोद्याच्या राजवाड्यांवरचा दीड पानी परिच्छेद असाच गेला. वाईट वाटलं.

परिच्छेदात पुरावा देऊन पळू नका. अवतरण टाकलं की त्यानंतर तुमचं निदान एक वाक्य हवं: यावरून काय कळतं? "१९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यात आणलं" ही माहिती झाली. सक्तीचा कायदा राज्यभर लागू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, हे तुम्ही जोडलंत की तो मुद्दा झाला.

समारोपात नवी माहिती आणायची नाही. अर्धं पान पुरे.

५. मजकुरात संदर्भ कसा द्यायचा

शैली विभाग ठरवतो, आपण नाही. तीन जास्त भेटतात, आणि त्यांची ओळख अशी:

एपीए, समाजशास्त्र-मानसशास्त्र-शिक्षणशास्त्राकडे: कंसात आडनाव, वर्ष, पान. (जोशी, १९९८, पृ. ४५). तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याचं आडनाव आणि पुढे "आणि इतर".

एमएलए, साहित्याकडे: कंसात फक्त आडनाव आणि पान. (जोशी ४५). वर्ष सूचीत.

शिकागोची टीपांची पद्धत, इतिहासाकडे: वाक्याच्या शेवटी वर छोटा आकडा आणि पानाच्या तळाशी टीप. पहिल्यांदा पूर्ण नोंद, नंतर आडनाव, छोटं शीर्षक, पान.

दोन शैलींची खिचडी करू नका. कंसातही आणि तळटीपेतही तोच संदर्भ दिलेला मी पाहिला आहे, "जास्त असलेलं बरं" म्हणून.

मोठं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून आत घेऊन, अवतरणचिन्हं न लावता देतात. एपीएत चाळीस शब्दांपासून पुढे, एमएलएत गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त झालं की.

आता "तत्रैव". आपल्या मराठी प्रबंधांत हा शब्द फार लाडका. अर्थ सोपा: लगेच वरच्या टीपेतलंच पुस्तक. धोकाही तिथेच आहे. तुम्ही खर्डा तपासताना टीप १४ आणि १५ च्या मध्ये एक नवी टीप घातलीत की जुन्या पंधराव्या टीपेतलं "तत्रैव" भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं, आणि संगणक काही बोलत नाही. २०१७ पासून शिकागोवालेही अशा शब्दाऐवजी आडनाव आणि छोटं शीर्षक लिहा म्हणतात. विभागाचा आग्रह असेल तर तत्रैव लिहा, पण सगळ्यात शेवटी, मजकूर गोठल्यावर.

६. संदर्भसूची: इथे बडोद्याचे खड्डे

साधं पुस्तक सोपं आहे: लेखक, वर्ष, नाव, प्रकाशक, शैलीप्रमाणे पुढेमागे. अडतं ते जुन्या आणि दुभाषी साधनांपाशी.

*जुना ग्रंथ, नवी आवृत्ती.* गायकवाड्स ओरिएंटल सीरिजचं पहिलं पुष्प घ्या. नोंद अशी होते: राजशेखर. काव्यमीमांसा. संपा. सी. डी. दलाल व आर. अनंतकृष्ण शास्त्री. गायकवाड्स ओरिएंटल सीरिज, क्र. १. बडोदा: सेंट्रल लायब्ररी, १९१६. एका नोंदीत लेखक वेगळा, संपादक वेगळे, मालेचं नाव आणि क्रमांक, आणि प्रकाशक म्हणून चक्क एक ग्रंथालय. यातलं "संपा." गाळून एका मुलाने मजकुरात "राजशेखर यांनी १९१६ मध्ये म्हटले आहे" असं लिहिलं होतं. राजशेखर दहाव्या शतकाच्या आसपासचा. एपीएत अशा वेळी मूळ काळ आणि आवृत्तीचं वर्ष मध्ये तिरपी रेघ देऊन लिहितात.

*शक आणि संवत.* जुन्या मराठी पुस्तकावर "शके १८२८" असतं. त्यात ७८ मिळवा: १९०६. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतचं असेल तर ७९. गुजराती पुस्तकावर विक्रम संवत असतो आणि गुजरातेत त्याचं वर्ष दिवाळीनंतर, कार्तिकात सुरू होतं. म्हणून दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून ५६. महिना छापलेला नसेल तर दोन्ही सनं लिहा: १९०६-०७. आणि मूळ आकडा कंसात ठेवाच, म्हणजे तुमचं गणित चुकलं तर वाचणाऱ्याला दुरुस्त करता येतं.

*गुजराती आकडे.* गुजराती पाच आपल्या "प" सारखा दिसतो. घाईत उतरवताना मी एका पान क्रमांकात "प" लिहून मोकळी झाले होते.

*गुजराती आणि इंग्रजी ग्रंथांची नावं.* मूळ नाव देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहा आणि गरज असेल तर पुढे चौकोनी कंसात मराठी अर्थ. नावाचं भाषांतर करून तेच मूळ नाव म्हणून देऊ नका. त्या नावाने कपाटात पुस्तक सापडत नाही.

*दफ्तरातले कागद.* इथे लेखक-प्रकाशक नसतात. दफ्तराचं नाव, रुमाल (म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) किंवा फाइल क्रमांक, कागदाची तारीख, आणि तो कुठे ठेवला आहे, एवढं हवं. मोडी तुम्ही स्वतः वाचली नसेल तर ज्यांनी वाचून दिली त्यांचा उल्लेख टीपेत करा.

*क्रम.* सूची आडनावानुसार अकारविल्हे. पण संगणकाने लावलेला क्रम डोळे झाकून घेऊ नका. "क्ष" हा संगणकाला बहुधा क आणि ष यांचं जोडाक्षर वाटतो, म्हणून क्षीरसागर कुलकर्ण्यांच्या शेजारी जाऊन बसतात. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. दोन्हींपैकी काय हवं ते मार्गदर्शकांना विचारा आणि मग तेच सगळीकडे ठेवा. मराठी आणि इंग्रजी ग्रंथांची सूची वेगवेगळी करणं सगळ्यात सुटसुटीत.

झोटेरोने सूची काढलीत तरी एकदा हाताने वाचा. माझ्या मराठी नोंदींत मधेच इंग्रजी "अँड" आणि "एडिटेड बाय" घुसले होते. चॅटबॉटकडून संदर्भ मागवत असाल तर प्रत्येक नोंद ग्रंथालयाच्या सूचीत शोधून पाहा. लेखक खरा, प्रकाशक खरा आणि पुस्तकच अस्तित्वात नाही, असं होतं.

७. भाषांतर हीसुद्धा उसनवारी

हे आपल्याकडे फार चालतं. गुजराती किंवा इंग्रजी परिच्छेद मराठीत आणला की तो आपला झाला असं वाटतं. मेहनत केलेली असते ना! पण विचार त्याचा, पुरावा त्याचा, मांडणी त्याची. संदर्भ द्यायचा, आणि शब्दशः भाषांतर असेल तर अवतरणात घालून कंसात "भाषांतर माझे" लिहायचं. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला हे बहुधा सापडत नाही. ज्या मॅडमनी ते गुजराती पुस्तक वीस वर्षं शिकवलं आहे त्यांना दुसऱ्या ओळीला सापडतं.

नियम काय आहे तेही माहीत असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम साम्याच्या चार पातळ्या सांगतात: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नीट संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. वर्गातले निबंध आणि असाइनमेंट या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत, पण एम.ए.ची प्रबंधिका वगळलेली नाही. सवय निबंधातच लागते, म्हणून आत्ताच सांगितलं.

८. छपाईच्या आधीची संध्याकाळ

पीडीएफ करूनच छपाईला न्या. दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसतो आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन येतात. मजकुरातलं प्रत्येक आडनाव सूचीत आहे का आणि सूचीतलं प्रत्येक पुस्तक मजकुरात आलं आहे का, हे दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करत पाहा. वजन वाढवायला घातलेली, न वाचलेली पुस्तकं काढून टाका. तोंडी परीक्षेत नेमकं त्यांतलंच विचारतात.

मग सूची एखाद्या मैत्रिणीच्या हातात द्या आणि त्यातली कुठलीही तीन पुस्तकं, दिलेल्या पानासकट, ग्रंथालयातून शोधून आणायला सांगा. बदल्यात सेव-उसळ खिलवायची. माझ्या मैत्रिणीला दोन सापडली. तिसऱ्याचं पान उघडलं तर तिथे भलतंच प्रकरण. मी वाचलेली प्रत दुसऱ्या आवृत्तीची होती आणि सूचीत पहिल्या आवृत्तीचं वर्ष लिहिलं होतं. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा फोटो तेवढा काढला नव्हता.